लिनन टिकवायचं तर…

मारेगाव तालुका कापसाचा, पण लिनन निघतं जवसाच्या खोडातून. विदर्भात चटणीसाठी, तेलासाठी पेरतात तेच हे पीक; धाग्याचे वाण मात्र उंच, कमी फांद्यांचे. ओला झाला की हा धागा उलट अधिक मजबूत होतो, त्यामुळे धुण्याची भीती नको. साधं पाणी, सौम्य साबण पुरे, ब्लीच नको. न पिळता झटकून सावलीत वाळवा, मे महिन्यातलं इथलं ऊन रंग उडवतं. कापड ओलसर असतानाच उलट्या बाजूने इस्त्री करा. खरा धोका घडीचा: दरवेळी त्याच रेषेवर कडक इस्त्री फिरली की धागा तिथेच तुटतो, कॉलर आणि कफच्या कडेला सर्वांत आधी. म्हणून सदरा हँगरला टांगा आणि कडक स्टार्च देऊच नका.