थंडावा कपड्यात की घामात?

उन्हाळा लागला की कपड्यांच्या बाजारात 'कूल' हा शब्द सगळ्यात जास्त विकला जातो. ठाण्याच्या मॉलमध्ये गोल्फ खेळणाऱ्यांसाठी बनवलेला टी-शर्ट काही हजारांना मिळतो. शरीराचे तापमान राखणारे कापड, असे त्याच्या चिठ्ठीवर लिहिलेले असते. कल्याण-उल्हासनगरच्या बाजारात तसाच दिसणारा, 'कूल ड्राय' छापलेला शर्ट दोन-अडीचशेत येतो. मुले त्याचा हट्ट धरतात आणि अब्बूंच्या खिशाला कात्री लागते. मग हे कापड खरोखर गार ठेवते का, हे आधी समजून घेतलेले बरे.

आपल्याच परिसरातले धागे

कापड ही आपल्या भागाला परकी गोष्ट नाही. १९२५ मध्ये ठाण्यात रेमंडची लोकरीची गिरणी उभी राहिली. आज तिच्या जागेवर उंच इमारती आहेत. कल्याणच्या पुढे शहाडला सेंच्युरी रेयॉनच्या कारखान्यात लाकडाच्या लगद्यापासून व्हिस्कोसचा, म्हणजे रेयॉनचा धागा तयार होतो. भिवंडीचे यंत्रमाग तर सर्वांना ठाऊक आहेत. १८५७ नंतर उत्तर प्रदेशातून आलेल्या मोमीन-अन्सारी विणकर घराण्यांनी तिथे हातमाग रुजवले आणि पुढे त्यांचेच यंत्रमाग झाले.

या धाग्यांत मुख्य फरक आहे तो ओलावा धरण्याचा. साधारण हवेत लोकर आपल्या वजनाच्या सुमारे १६ टक्के, रेयॉन १२ टक्के आणि सुती धागा ८ टक्के ओलावा स्वतःत सामावून घेतो. पॉलिएस्टर अर्धा टक्काही घेत नाही. मात्र 'कूल' म्हणून विकले जाणारे बहुतेक शर्ट पॉलिएस्टरचेच असतात. त्यामागचे तंत्र वेगळे आहे.

हे कापड काम कसे करते?

आपल्याला गार करतो तो घाम. एक ग्रॅम घाम वाळताना शरीराची सुमारे २,४०० ज्यूल उष्णता घेऊन जातो. कपड्याने एवढेच करायचे की या कामात अडथळा आणायचा नाही.

पहिले तंत्र घाम पसरवण्याचे. १९८६ मध्ये ड्यूपाँट कंपनीने कूलमॅक्स नावाचा पॉलिएस्टर धागा आणला. साधा धागा गोल असतो, याला लांबीभर पन्हळी असतात. कंदिलाच्या वातीतून रॉकेल चढते तसा घाम या पन्हळींतून अंगापासून बाहेरच्या बाजूला सरकतो, पसरतो आणि लवकर वाळतो. आज बहुतेक खेळाच्या शर्टांत याच जातीचे काहीतरी असते.

दुसरे तंत्र मेणाचे. अमेरिकेच्या नासा संस्थेसाठी १९८० च्या दशकात झालेल्या संशोधनातून ते पुढे आले. अतिसूक्ष्म कुप्यांत खास मेण भरून त्या कापडात बसवतात. अंग तापले की मेण वितळते आणि वितळताना उष्णता शोषते. अंग गार झाले की ते पुन्हा गोठते आणि ती उष्णता परत देते.

याचा हिशेब आपणच करून पाहू. एका शर्टात २० ग्रॅम मेण आहे असे धरा. एक ग्रॅम मेण वितळताना साधारण २०० ज्यूल उष्णता घेते, म्हणजे सगळे मिळून ४,००० ज्यूल. स्वस्थ बसलेल्या माणसाच्या शरीरातून दर सेकंदाला सुमारे १०० ज्यूल उष्णता बाहेर पडते. म्हणजे शर्टाची ही सगळी पुंजी ४० सेकंदांच्या उष्णतेइतकी! तेवढेच काम दोन ग्रॅमहून कमी घाम वाळला तरी होते.

शिवाय वितळलेले मेण पुन्हा गोठायला गारवा लागतो. गोल्फ खेळणारा माणूस एसी गाडीतून मैदानावर येतो आणि खेळ संपला की एसी क्लबात बसतो. त्याच्या शर्टाला गोठायची संधी मिळते. डोंबिवलीहून सकाळच्या गर्दीच्या लोकलमध्ये उभ्या असलेल्या माणसाच्या शर्टाला ती कुठून मिळणार?

आपली हवा दमट

घाम वाळायला कोरडी हवा लागते. आपल्याकडे खाडीची हवा आहे. हवेतच पाणी भरलेले असेल तर कितीही पन्हळीचा धागा असला तरी घाम अंगावरच राहतो. खारघरला १६ एप्रिल २०२३ रोजी सरकारी पुरस्काराच्या कार्यक्रमात उघड्या मैदानावर तासन्‌तास बसलेल्या लोकांपैकी दहाहून अधिक जण उष्माघाताने दगावले. अशा वेळी सावली, पाणी आणि वारा यांची जागा कोणताही कपडा घेऊ शकत नाही.

पण याचा अर्थ कपड्याने फरक पडत नाही असा नाही. दमट हवेत वारा खेळेल असा सैल कपडा सर्वांत उपयोगी.

काळा अबाया आणि गरमी

आपल्या घरात हा विषय सर्वांत जास्त लागू पडतो तो आया-बहिणींना. काळा रंग ऊन ओढतो, हे खरे. पण १९८० मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात बदाऊनी अरबांच्या काळ्या झग्यावर एक अभ्यास प्रसिद्ध झाला. वाळवंटात काळा झगा आणि पांढरा झगा घालून मोजमाप केले, तेव्हा काळ्या झग्याने जास्त ऊन शोषले होते, पण त्वचेपर्यंत पोहोचलेली उष्णता दोन्हींत सारखीच निघाली. जादाची उष्णता झगा आणि अंग यांच्यामधल्या खेळत्या हवेने वाटेतच वाहून नेली होती.

यातला धडा सैलपणाचा आहे. आपल्याकडे बाजारात निदा, क्रेप, जॉर्जेट या नावांनी मिळणारे अबाये बहुतेक पॉलिएस्टरचे असतात. त्याला आतून अस्तर, खाली पॉलिएस्टरचाच ड्रेस, वरून घट्ट नकाब. हवेला वाटच राहत नाही. रंग तोच ठेवून कापड बदलता येते. सुती वॉइल किंवा रेयॉनचा, बिनअस्तराचा, खांद्यापासून सैल सुटणारा अबाया शिवून घेता येतो. दिवसभर कॉलेजात किंवा नोकरीवर असणाऱ्या मुलींसाठी हा शौक नाही, गरज आहे.

हजला जाणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावे. २०२४ च्या हजमध्ये मक्केत पारा ५० अंशांच्या वर गेला आणि १,३०० हून अधिक लोकांचा मृत्यू झाला. त्यानंतर 'थंड' कापडाचे इहरामही बाजारात येऊ लागले. पण मक्केची हवा कोरडी आहे. तिथे पातळ सुती इहराम, मानेवर ओला रुमाल आणि छत्री हेही मोठे काम करतात.

गणवेशाचे काय?

मी शाळेत शिकवते. एप्रिलमध्ये पत्र्याच्या छताखालच्या वर्गात जाड टेरीकॉटचा गणवेश आणि गळ्यात टाय घातलेली मुले दुपारी पेंगताना दिसतात. ती आळशी नसतात, तापलेली असतात. गणवेशाचे कापड ठरते त्या सभेला आपण सहसा जात नाही. शाळा व्यवस्थापन समितीत पालक असतात. तिथे दोनच गोष्टी मागा: शर्टात सुताचे प्रमाण जास्त असावे आणि उन्हाळ्यात टाय नसावा.

दुकानात करायची पारख

चिठ्ठीवर 'कूल' शोधू नका, कापडात काय किती टक्के आहे ते वाचा.

कापड ओठांवर धरून फुंकर मारा. हवा सहज पार गेली तर वारा लागेल.

घरी एक थेंब पाणी टाका. थेंब पटकन पसरला तर घाम टिपला जाईल; मण्यासारखा वर राहिला तर घाम अंगावरच राहील.

खेळायला, सायकल चालवायला किंवा ओझे उचलायच्या कामाला जाळीदार पॉलिएस्टर शर्ट चांगला. तो घामाने जड होत नाही आणि लवकर वाळतो. मात्र त्यात वास लवकर धरतो, म्हणून रोज धुवावा. धुताना कापड मऊ करणारे द्रव घालू नये, त्याच्या थराने पन्हळीचे काम मंदावते.

घरात, शाळेत, कार्यालयात आणि जमातीत उभे राहताना सैल सुती किंवा रेयॉनचा कुर्ता उत्तम.

मुलाला मैदानासाठी अडीचशेचा शर्ट घ्यायला काहीच हरकत नाही. हजारोंचा शर्ट मात्र ज्याला एसीतून एसीत जायचे आहे, त्याच्यासाठी सोडून द्या. वाचलेल्या पैशांत अम्मीसाठी आणि मुलीसाठी एकेक सैल, हवेशीर अबाया होईल. या उन्हाळ्यात घरातल्या बायकांचे कपडे आधी तपासा. सगळ्यात जास्त थर त्यांच्याच अंगावर असतात आणि तक्रार मात्र त्या सगळ्यात कमी करतात.