मुक्या प्राण्याचा कणा आणि लोहचुंबक

मळ्यावर राखणीला असलेला कुत्रा एके सकाळी मागचे पाय ओढीत येतो. किन्हीराजासारख्या गावी कोणी म्हणेल गाडीचा धक्का लागला, कोणी म्हणेल वारे गेले. दुखते कुठे, हे त्याला सांगता येत नाही. क्ष-किरणांत हाडे दिसतात. पण कण्यातील मऊ मज्जारज्जू आणि त्यावर दाब आणणारी सरकलेली चकती नीट दिसत नाही. ती दाखविणारे यंत्र म्हणजे एमआरआय होय.

त्याचे मर्म असे. शरीरात पाणी विपुल, आणि पाण्यात हायड्रोजन. हायड्रोजनच्या अणूचे केंद्र चिमुकल्या चुंबकासारखे असते. प्रबळ चुंबकीय क्षेत्रात अशा केंद्रांचा एकंदर कल एका दिशेला होतो. रेडिओलहरींनी तो ढळतो, आणि पूर्वपदावर येताना क्षीण संदेश उमटतात. ऊतकागणिक हे संदेश निराळे. त्यांवरून संगणक चित्र रचतो. १९४६ साली ब्लॉख व पर्सेल यांनी हा अनुनाद दाखविला; १९७३ साली लॉटरबर यांनी त्यातून चित्र काढले. १.५ टेस्लाच्या यंत्राचे क्षेत्र पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे ३०,००० पट असते.

माणसाला 'हलू नका' असे सांगता येते, कुत्र्याला नाही. म्हणून त्याला भूल द्यावी लागते. गळ्यातील साखळी काढावी लागते. शिवाय यंत्राची पोकळी अरुंद. आपली गाय तीत मावणार नाही. तार गिळलेल्या गाईच्या पोटात पशुवैद्य लोहचुंबक सोडतात, तेवढाच तिचा चुंबकाशी संबंध!

२०२४ साली मुंबईत महालक्ष्मी येथे टाटा न्यासाचे लहान प्राण्यांचे रुग्णालय सुरू झाले. तेथे एमआरआयची सोय आहे. पण किन्हीराजाहून मुंबई दूर, आणि खर्चही मोठा. तेव्हा आधी विचारावे: चित्र पाहून उपचार बदलणार आहे काय? शस्त्रक्रिया करावयाची असेल, तर चित्र मोलाचे. नसेल, तर ते केवळ दुःखाचे छायाचित्र ठरेल.

हे ठरविण्यास पशुवैद्याची बोटे पुरतात. बोट चिमटल्यावर पाय आखडला, एवढ्याने भागत नाही. कुत्रा वळून पाहतो काय, ओरडतो काय, हे ते पाहतात. ही जाणीव गेली असेल, तर प्रत्येक तास मोलाचा. म्हणून माणसाच्या वेदनाशामक गोळ्या देऊ नयेत, चोळू नये; फळीवर आडवे निजवून त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्यावे. मोठे यंत्र मुंबईस असले, तरी पहिला निर्णय आपल्या ओसरीवरच घ्यावयाचा असतो.