तिथीची पाऊणपट

डिसेंबर २००३ मध्ये आम्ही चौघे मित्र अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर गेलो, ते ओहोटीला पाऊल भिजवत चालत. परतायला एक वाजला. किनारा समोर दिसत होता, पण मधल्या वाळूवर पाणी चढलं होतं. आधी गुडघ्याला, मग कमरेला. कॅमेरा डोक्यावर धरून कसेबसे काठाला लागलो, तेव्हा जाळं निवडत बसलेली एक कोळीण हसत म्हणाली, "तिथ बघून येत जा रं पोरांनो. आज पंचमी. पावणेचारला भरती."

हे गणित मला तिनेच शिकवलं. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा. त्याआधी सुमारे सहा तास ओहोटी. पुढे लक्षात आलं की चतुर्थीला भरती तीनला, म्हणजे सुकती सकाळी नवाच्या सुमाराला. किल्ल्यातल्या सिद्धिविनायकाला संकष्टीच्या सकाळी पायी जाणाऱ्यांना समुद्र आपणहून वाट देतो. मंदिर राघोजी आंग्र्यांनी १७५९ मध्ये बांधलं. हा हिशेब त्यांच्या मनात होता की नाही, देव जाणे.

तेव्हा आम्ही किल्ल्यांवर लढाया ऐकायला जायचो. कोण कुठून चढला, कुणी किती तोफा डागल्या. कुलाब्यावर चाकाच्या गाड्यांवर दोन तोफा आहेत. त्यांच्याशेजारी फोटो काढताना आम्ही कान्होजी आंग्र्यांच्या नावाने घोषणा दिल्या होत्या. पुढच्या एका फेरीत वाकून अक्षरं वाचली, तर तोफ १८४९ सालची, यॉर्कशायरमधल्या कारखान्यात ओतलेली. कान्होजी वारले १७२९ मध्ये. घोषणा तशा वायाच गेल्या. त्या दिवसापासून मात्र मी गाइडचं ऐकताना डोळे दगडाकडे ठेवू लागलो.

दगड पाहायचा तर कुलाब्याची तटबंदी बघावी. मोठमोठे चिरे नुसते एकावर एक ठेवलेत, सांध्यात चुना नाही. लाट आपटते, पाणी फटींत शिरतं, त्यातच जोर संपतो. मुरूडजवळच्या पद्मदुर्गावर उलटा प्रकार. २००९ मध्ये मचव्याने तिथे गेलो. धक्का नाही, पाण्यात उडी मारूनच उतरावं लागलं. तिथल्या बुरुजावर हात फिरवला तर बोटं आत गेली. खाऱ्या वाऱ्याने दगड झिजून खोल गेलेत आणि सांध्यातला चुना जसाच्या तसा उभा आहे, मधाच्या पोळ्यासारखा. साडेतीनशे वर्षांत दगड हरला, चुना नाही. तो कुणी मळला, त्यात काय घातलं, हे सांगणाऱ्या गवंड्यांची नावं कुठे कोरलेली नाहीत. समोर जंजिरा. तिथे गर्दी, शिडाच्या होड्या, कलालबांगडी तोफेपुढे रांग. पद्मदुर्गावर त्या सकाळी आम्ही आणि बगळे.

सिंधुदुर्गावर किती वेळा गेलो, मोजलं नाही. कुरटे बेटावर २५ नोव्हेंबर १६६४ ला त्याचं काम सुरू झालं, पायात शिसं ओतलं. होडी अगदी तटाला भिडेपर्यंत दरवाजा दिसत नाही, हे दर वेळी माहीत असूनही दर वेळी मी तो शोधतो. पलीकडे मालवणच्या राजकोटावर ४ डिसेंबर २०२३ ला बसवलेला महाराजांचा पुतळा २६ ऑगस्ट २०२४ ला कोसळला. त्यानंतरच्या दिवाळीत गेलो तेव्हा होडीत कुणीच त्यावर बोलत नव्हतं. सगळे तटाकडे बघत होते.

या सगळ्या वर्षांत एक प्रश्न हळूहळू मोठा होत गेला. आरमार म्हणतो ते आरमार कुठे आहे? किल्ले आहेत, तोफा आहेत, समाध्या आहेत. गुराब कुठे, गलबत कुठे? एकही नाही. डोंगरी किल्ला पाहिला की लढाई डोळ्यांपुढे उभी राहते. जलदुर्ग पाहताना निम्मं चित्र कोरंच राहतं, कारण हे कोट मुळात जहाजांच्या आसऱ्यासाठी होते.

उत्तर विजयदुर्गावर मिळतं आणि ते गिळायला जड आहे. फेब्रुवारी १७५६ मध्ये इंग्रजांचे वॉटसन आणि क्लाइव्ह समुद्रातून आले, नानासाहेब पेशव्यांची फौज जमिनीवरून. तुळाजी आंग्र्यांची जहाजं एकमेकांना बांधून किल्ल्याच्या आडोशाला उभी होती. एकाने पेट घेतला आणि बघता बघता सगळी जळाली. शाळेच्या पुस्तकात हा प्रसंग दोन ओळींत उरकला होता. वाघोटण खाडीच्या तोंडाशी उभं राहून तो दोन ओळींत मावत नाही. ज्या आरमाराला इंग्रज, पोर्तुगीज, सिद्दी वचकून होते, ते जाळायला पुण्याचा हात लागला. जवळच गिर्ये गावाकडे आंग्र्यांची गोदी आहे, खडकात खोदलेली. २०१४ मध्ये पाहिली तेव्हा आत गाळ आणि खेकडे होते. मला ती सगळ्या बुरुजांपेक्षा मोलाची वाटली. जहाज टेकायचं ती जागा तरी उरलीय.

त्याच साली मुंबईत विक्रांत तोडायला घेतली. १९६१ ते १९९७ नौदलात, मग २००१ पासून तरंगतं संग्रहालय, २०१२ ला बंद. २००५ मध्ये मुलीला खांद्यावर घेऊन मी तिच्या डेकवर फिरलो होतो. आपण जहाजं जपत नाही, हे मी तुळाजीच्या काळाबद्दल बोलत होतो आणि दारूखान्यात गॅसकटर चालू होते. तिच्या पोलादाचा अंश घेऊन पुढे मोटरसायकल निघाली. आमच्या सोसायटीत एक आहे.

लंडनला २०१८ मध्ये भाचीकडे गेलो तेव्हा तिला म्हटलं, टॉवर ब्रिज राहू दे, शूटर्स हिलला ने. तिथल्या रानात विटांचा एक तिकोनी मनोरा आहे, सेव्हर्नड्रूग कॅसल. हर्णैचा सुवर्णदुर्ग १७५५ मध्ये घेणाऱ्या विल्यम जेम्सच्या स्मरणार्थ त्याच्या विधवेने १७८४ मध्ये तो बांधला. स्थानिकांनी वर्गणी-श्रमदानाने सांभाळलाय, खाली चहा मिळतो. "मामा, हे आपलं नाव आहे?" भाचीने विचारलं. सुवर्णदुर्गचं सेव्हर्नड्रूग झालेलं ऐकून ती हसली, मला मात्र चहा गोड लागेना.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात १२ मराठा किल्ले गेले. त्यात खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग आहेत. कुलाबा आणि पद्मदुर्ग नाहीत. व्हॉट्सअ‍ॅपवर अभिनंदनाचा पूर आला. त्यातच एकाने विचारलं, "एक्सरचे वीरगळ पाहिलेस ना?"

नव्हते पाहिले. बोरिवलीत तीस वर्षं राहतो, एक्सर घरापासून रिक्षाने दहा मिनिटं. काखेत कळसा. रविवारी सकाळी गेलो. इमारतींच्या मधे, गावदेवीसारखे शेंदूर माखलेले उंच दगड. वरच्या पट्ट्यांत स्वर्ग, शिवलिंग. खालच्या पट्ट्यांत जहाजं. खरीखुरी, वल्ह्यांच्या रांगांसकट, एकमेकांवर चाल करून जाणारी. देवगिरीचा महादेव यादव आणि शिलाहार सोमेश्वर यांच्या तेराव्या शतकातल्या लढाईशी अभ्यासक त्यांचा संबंध जोडतात. बावीस वर्षं कोकणभर जी जहाजं शोधली, ती इथे दगडात वल्हवत होती.

मी उकिडवा बसून एका जहाजाची वल्ही बोटाने मोजायला लागलो. काही शेंदरात बुजली होती, पुन्हा पुन्हा चुकत होतो. मागून हळदकुंकवाची वाटी घेतलेल्या एक आजी म्हणाल्या, "जरा बाजूला व्हा, दिवा लावायचाय."

मी बोट काढलं. ते शेंदराने लाल झालं होतं.