पदव्युत्तर अभ्यासक्रमाचा अंतर्गत आढावा : पांढुर्णा-सौंसर परिसराच्या संदर्भात

पदव्युत्तर अभ्यासक्रमाचा अंतर्गत आढावा घेणे आता महाविद्यालयांच्या अंगवळणी पडले आहे. राष्ट्रीय मूल्यांकन व प्रत्यायन परिषद, म्हणजेच नॅक, १९९४ मध्ये बंगळूर येथे स्थापन झाली. पुढे मूल्यांकन झालेल्या महाविद्यालयात अंतर्गत गुणवत्ता हमी कक्ष असावा आणि त्याने दरवर्षी अहवाल पाठवावा, अशी अपेक्षा रूढ झाली. अहवाल जातो, विद्यार्थ्यांचे अभिप्राय-अर्ज भरून घेतले जातात, फाइल कपाटात ठेवली जाते आणि नव्या सत्रात वर्ग पूर्वीसारखाच सुरू होतो. आढावा आणि सुधारणा यांच्यामध्ये हा खंड का पडतो, याचा विचार प्रस्तुत लेखात पांढुर्णा व सौंसर या मराठीभाषक सीमाभागाच्या अनुषंगाने केला आहे.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी नागपूरसह विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि छिंदवाडा जिल्हा मध्यप्रदेशात राहिला. त्या जिल्ह्यातील पांढुर्णा व सौंसर या तहसिली बोलीने व घरच्या व्यवहाराने मराठीच राहिल्या. २०२३ मध्ये या दोन्ही मिळून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. येथील महाविद्यालयीन शिक्षण प्रथम सागर विद्यापीठाच्या, नंतर जबलपूरच्या राणी दुर्गावती विद्यापीठाच्या कक्षेत होते. २०१९ मध्ये स्थापन झालेले छिंदवाडा विद्यापीठ आज राजा शंकर शाह यांच्या नावाने ओळखले जाते. विद्यापीठ बदलले की प्रश्नपत्रिकेचा आराखडा बदलतो, अभ्यास मंडळ बदलते, पत्रव्यवहाराचा पत्ताही बदलतो. वर्गातील विद्यार्थी मात्र त्याच गावांतून येतात.

आढाव्यात निघालेल्या त्रुटी कोणाच्या अखत्यारीतील आहेत, याची वर्गवारी सहसा होत नाही. खंड पडण्याचे हे पहिले कारण म्हणावे लागेल. संलग्न महाविद्यालयाला अभ्यासक्रम बदलता येत नाही. तो अधिकार विद्यापीठाच्या अभ्यास मंडळाचा, ज्याला मध्यप्रदेशात ‘अध्ययन मंडल’ म्हणतात. वेळापत्रक, ग्रंथालय आणि वर्गखोल्या या प्राचार्यांच्या कक्षेत येतात. शिकवण्याची रीत, अंतर्गत मूल्यमापनाचे प्रश्न, तपासलेली उत्तरपत्रिका विद्यार्थ्याला परत दाखवणे, या गोष्टी सर्वस्वी शिक्षकाच्या हातात आहेत. “अभ्यासक्रम कालबाह्य आहे” असे वाक्य अहवालात लिहिले की शिक्षकाला हायसे वाटते, कारण त्याचा उपाय दुसऱ्याने करायचा असतो. “पहिल्या सत्रातील निम्म्या विद्यार्थ्यांना प्रश्नच कळला नाही” हे लिहिणे अवघड जाते.

आणि प्रश्न न कळण्याची कारणे या परिसरात खरोखरच आहेत. हिंदी प्रश्नपत्रिकेत ‘व्याख्या कीजिए’ असे असते, तेव्हा उताऱ्याचे सविस्तर विवरण अपेक्षित असते. मराठीत व्याख्या म्हणजे दोन ओळींची नेमकी परिभाषा. ज्याचे घर मराठी आहे तो विद्यार्थी दोन ओळी लिहून पुढच्या प्रश्नाकडे वळला, तर त्याला विषय येत नाही असे म्हणता येईल काय? ‘संशोधन’ या शब्दाचेही तसेच. मराठीत त्याचा अर्थ नवा शोध घेणे. हिंदीत दुरुस्ती, जशी कायद्यात करतात. हिंदीत ज्याला ‘शोध’ म्हणतात, त्याला उर्दूत ‘तहकीक’ म्हणतात, आणि मराठी माणूस हरवलेल्या बैलाचाही शोधच घेतो. ‘शिक्षा’ हा शब्द तर शिक्षकांच्या विनोदाचा जुना विषय आहे. घरी उर्दू-दखनी, बाजारात मराठी आणि उत्तरपत्रिकेत हिंदी असा तीन भाषांमधून जाणारा मुस्लिम विद्यार्थी या वर्गात असेल, तर त्याची अडचण आणखी गुंतागुंतीची होते. अभिप्राय-अर्जात मात्र “शिक्षक वेळेवर येतात काय” हे विचारले जाते, “प्रश्नपत्रिकेतील कोणता शब्द तुम्हाला अडला” हे विचारले जात नाही. हा एक प्रश्न वाढवण्यास कोणाचीही परवानगी लागत नाही.

दुसरी बाब उपस्थितीची. हा संत्र्याचा पट्टा आहे. आंबिया बहाराची तोडणी साधारणतः हिवाळ्याच्या तोंडाशी येते, मृग बहाराची हिवाळा सरताना, आणि कापसाची वेचणी दिवाळीच्या आगेमागे सुरू असते. उपस्थितीची वार्षिक टक्केवारी काढली तर हे काहीच दिसत नाही. तीच महिन्यागणिक मांडली तर अंतर्गत चाचणी कोणत्या आठवड्यात ठेवू नये हे कळू शकते.

वरच्या पातळीवरील बदल कसा घडतो, याचे जुने उदाहरण मुंबई विद्यापीठाचे आहे. १८५७ मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठाच्या परीक्षांत सुरुवातीला मराठीला स्थान होते, पण १८६० च्या दशकात देशी भाषांना बाजूला सारून अभिजात भाषांना जागा देण्यात आली. मराठीत उच्च शिक्षणास पुरेल असे वाङ्मय नाही, हा मुख्य आक्षेप होता. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे हे याच विद्यापीठाचे पदवीधर आणि पुढे सिनेटचे सभासद. त्यांनी आक्षेपाला केवळ भावनेने उत्तर दिले नाही. मराठी वाङ्मयाच्या वाढीवरील १८९८ च्या इंग्रजी टिपणात त्यांनी प्रकाशित पुस्तकांची मोजदाद करून, विषयवार आढावा घेऊन, पुरावा समोर ठेवला. १६ जानेवारी १९०१ रोजी त्यांचे निधन झाले आणि त्याच सुमारास एम.ए.च्या अभ्यासक्रमात मराठीला प्रवेश मिळाला. गेलेली जागा परत मिळण्यास तीन दशकांहून अधिक काळ लागला. अभ्यास मंडळाकडे एकदा पत्र पाठवून उत्तर आले नाही म्हणून निराश होणाऱ्या विभागाने हा कालावधी ध्यानात घ्यावा.

हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाचा अनुभव वेगळ्या अंगाने उपयोगी आहे. १९१८ मध्ये उर्दू माध्यमाचे हे विद्यापीठ स्थापन होण्याच्या आधीच, १९१७ मध्ये, पाठ्यपुस्तकांच्या भाषांतरासाठी ‘दारुत्तर्जुमा’ उभारण्यात आले. शास्त्रीय परिभाषा अगोदर, वर्ग नंतर, असा तो क्रम होता. पांढुर्ण्यासारख्या ठिकाणी एवढ्या मोठ्या यंत्रणेची गरज नाही. आपल्या विषयातील शे-दीडशे संज्ञांची हिंदी, मराठी व उर्दू अशी तीन रकान्यांची यादी एका विभागाला एका सुट्टीत करता येईल, आणि ती पहिल्या दिवशी विद्यार्थ्यांच्या हाती देता येईल. अर्थभेद होणारे शब्द त्यात वेगळ्या खुणेने दाखवावेत.

हे काम आताच हाती घेण्याला एक निकड आहे. मध्यप्रदेशात राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२१-२२ पासून पदवी स्तरावर लागू झाले. तेव्हा प्रवेश घेतलेला आणि चौथे वर्ष निवडलेला विद्यार्थी २०२५ मध्ये पदवीधर होतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२४ च्या आराखड्यानुसार चार वर्षांच्या पदवीनंतर पदव्युत्तर शिक्षण एका वर्षात, तर तीन वर्षांच्या पदवीनंतर दोन वर्षांत पूर्ण करता येते. म्हणजे शेवटच्या वर्षात दोन वेगवेगळ्या तयारीचे विद्यार्थी एका बाकावर येऊ शकतात. एक वर्षाच्या विद्यार्थ्याकडे सावरण्यासाठी दुसरे वर्षच नसते. पहिल्या चाचणीत झालेली ‘व्याख्या’ची चूक त्याला शेवटच्या परीक्षेपर्यंत पुरते.

म्हणून आढाव्याच्या बैठकीचे इतिवृत्त लिहिताना प्रत्येक त्रुटीपुढे तीन नोंदी असाव्यात : ती कोणाच्या अखत्यारीत आहे, तिचा पुरावा कोणत्या उत्तरपत्रिकांत दिसतो, आणि पुन्हा कोणत्या तारखेला पाहायची. पुराव्यासाठी नावे झाकलेल्या दहा-बारा उत्तरपत्रिका पुरेशा आहेत. त्या विभागातील सर्व शिक्षकांनी एकत्र बसून वाचाव्यात. अभ्यास मंडळाकडे जाणाऱ्या पत्रासोबत त्यांतील उतारे जोडावेत. शिक्षकाच्या अखत्यारीतील त्रुटींसाठी पत्राची वाट पाहण्याचे कारण नाही. त्यांची तारीख पुढच्या अंतर्गत चाचणीच्या आधीची असावी.