रबर की पॉली? बुश बदलण्याआधी गाडीच्या आर्मकडे बघा

ज्यांना कानात हेडफोन घालून पाऊण तास बसायला जमत नाही, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा लेखी भाग. बोलताना झालेले फाटे छाटलेत, एकदोन ठिकाणी आकडेमोड नीट मांडली आहे.

गेल्या काही भागांपासून एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येतोय: "स्पोर्ट्स कारला पॉलीयुरेथेन बुश टाकावेत का?" विचारणाऱ्याने बहुतेक वेळा उत्तर आधीच ठरवलेलं असतं, माझ्याकडून फक्त होकार हवा असतो. मी लगेच होकार देणार नाही. का ते सांगतो. उदाहरण म्हणून माझदा एमएक्स-५ घेऊ, पहिल्या पिढीची, १९८९ साली आलेली. दोन सीटची, उघड्या टपाची, मागच्या चाकांना ताकद देणारी, वजनाने टनाच्या आतबाहेर. चारही चाकांना डबल विशबोन, म्हणजे प्रत्येक चाकाला वर एक आणि खाली एक आर्म. समजावून सांगायला इतकी सोपी रचना दुसरी नाही. आणि त्यातल्या जुन्यात जुन्या गाड्या आता पस्तिशी ओलांडून गेल्यात, त्यामुळे बुशचा प्रश्न त्यांच्या मालकांपुढे खराच उभा आहे.

आधी बुश म्हणजे काय ते बघू. गॅरेजमध्ये "बुश गेलाय" हे आपण सगळ्यांनी ऐकलेलं असतं. बाहेर लोखंडी नळी, आत दुसरी बारीक नळी, आणि दोन्हींच्या मध्ये चिकटवलेलं रबर. बाहेरची नळी आर्ममध्ये प्रेसने घट्ट बसवलेली असते. आतल्या नळीतून बोल्ट जातो आणि तो आवळला की ती नळी चॅसीच्या दोन कानांमध्ये पकडली जाते, अजिबात फिरत नाही. मग चाक वरखाली होतं तेव्हा फिरतं काय? काहीच फिरत नाही. रबर पिळलं जातं. ओला टॉवेल पिळतो तसं, पण थोड्या अंशांत, आणि सोडलं की परत जागेवर. बिजागरीसारखं दिसत असलं तरी हे बिजागरी नाही, ही एक छोटी स्प्रिंग आहे. एवढं डोक्यात ठेवा, पुढचं सगळं त्यावरून कळतं.

म्हणजे बुशला दोन कामं आहेत. एक, आर्मला वरखाली होऊ देणं. दोन, आर्मला पुढेमागे आणि आतबाहेर हलू न देणं, पण अगदी दगडासारखंही धरायचं नाही, कारण रस्त्याचा खडखडाट तिथेच गिळायचा असतो. रबर या दोन्हींत तडजोड करतं. वय झालं, उष्णता लागली, ऑइल गळून त्यावर पडलं, की रबर भेगाळतं आणि दुसरं काम आधी सोडतं.

आता आकडा घेऊ. एमएक्स-५च्या मागच्या बाजूला खालचा आर्म रुंद आहे आणि चाकाची दिशा, म्हणजे टो, तोच धरून ठेवतो. टोसाठी वेगळा रॉड नाही. समजा या आर्मच्या आतल्या दोन बुशमध्ये ३०० मिलिमीटर अंतर आहे. तुम्ही वळणात अचानक अॅक्सिलरेटर सोडलात, इंजिन ब्रेकिंगने मागचं चाक मागे ओढलं गेलं. झिजलेला पुढचा बुश अर्धा मिलिमीटर बाहेर सरकला, मागचा अर्धा आत. झाला एक मिलिमीटरचा फरक, ३०० वर. म्हणजे साधारण ०.१९ अंश, आणि चाकाचं तोंड बाहेरच्या दिशेला. ऐकायला काहीच नाही. पण अलाइनमेंट करणारा माणूस ज्या आकड्यांवर डोकं लावून बसतो, ते अंशाच्या दशांशातलेच असतात. आणि हे नेमकं अशा क्षणी होतं जेव्हा वजन पुढे गेलेलं असतं आणि मागचे टायर हलके झालेले असतात. ओल्या रस्त्यावर, हलक्या, मागून चालणाऱ्या गाडीत. गाडी भिंतीकडे तोंड करून उभी राहायला तेवढं पुरतं. त्यामुळे बुश हा "फील"चा विषय आहे असं कुणी म्हणालं की मला पटत नाही.

याच भानगडीवर पोर्शेने १९७७ च्या ९२८ मध्ये जे केलं ते मला फार आवडतं. त्यांनी मऊपणा काढून टाकला नाही, त्याला वळण लावलं. मागचं सस्पेन्शन असं मांडलं की अॅक्सिलरेटर सोडल्यावर किंवा ब्रेक मारल्यावर चाक मागे ओढलं गेलं तर त्याचं तोंड बाहेर न जाता किंचित आत वळावं. वायसाख अॅक्सल म्हणतात ते हेच. खुद्द माझदाने दुसऱ्या पिढीच्या आरएक्स-७ मध्ये मागच्या हबला एक खास बुश दिला होता, वळणातल्या जोरानुसार चाकाची दिशा किंचित बदलणारा. गंमत म्हणजे त्या गाडीचे ट्रॅकवर जाणारे मालक तो बुश काढून घट्ट बुश टाकतात, कारण त्यांना मागचं चाक स्वतःच्या मनाने काही करायला नको असतं. दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. पण बुश मऊ आहे म्हणजे कंपनीने पैसे वाचवले, हा जो सरसकट समज आहे तो तेवढा सोडून द्या.

आता पॉली. रबर बुशची कडकी शोर ए मापावर साधारण ५० ते ६५ च्या घरात असते. रस्त्यासाठीचे पॉली बुश ८० च्या आसपास, ट्रॅकचे ९५ पर्यंत. पण खरा फरक कडकीत नाही, कामाच्या पद्धतीत आहे. पॉली चिकटवलेलं नसतं. ते आतल्या नळीभोवती सरकतं, म्हणजे इथे खरी बिजागरी येते. ग्रीस नीट असेल तर आर्म रबरपेक्षाही मोकळा फिरतो, कारण पिळायला काही उरतच नाही. ग्रीस सुकलं की उलट. छोट्या खड्ड्याला आर्म हलतच नाही, मोठ्याला झटक्याने सुटतो, आणि वर जुन्या दारासारखी करकर. ज्यांच्या पॉली बुशला ग्रीस निपल नाही त्यांना वर्षा-दोन वर्षांनी बोल्ट काढून सिलिकोन ग्रीस भरायची तयारी हवी. विक्रेता हे बोलत नाही.

म्हणून माझा पहिला प्रश्न कायम हा असतो: तुमचा आर्म किती दिशांनी फिरतो? एमएक्स-५च्या विशबोनचे आतले दोन बुश एकाच रेषेत आहेत. दाराच्या दोन बिजागऱ्यांसारखे. आर्मला फक्त त्या एका रेषेभोवती फिरायचंय. इथे पॉली चपखल बसतं, कारण एका दिशेने फिरणं आणि बाकी सगळं घट्ट धरणं हेच त्याला जमतं.

आता शेजारी बीएमडब्ल्यूची ई-४६ थ्री सीरीज उभी करा. तिच्या मागच्या ट्रेलिंग आर्मचं पुढचं टोक एका मोठ्या बुशवर टेकलेलं असतं. मागचं टोक दोन आडव्या आर्मनी सबफ्रेमला बांधलेलं. चाक वर गेलं की ते आडवे आर्म त्याला कमानीत आत ओढतात, कॅम्बर बदलतो, आणि ट्रेलिंग आर्मला वरखाली होण्याबरोबर कलावंही लागतं, स्वतःभोवती थोडं पिळावंही लागतं. तो एकटा बुश हे सगळं सहन करतो. तिथे कडक, सरळ नळीसारखा पॉली बुश घातलात तर आर्म अडकतो, आणि अडकलेला आर्म म्हणजे ज्याचा कुणी हिशेब केला नाही अशी जादा स्प्रिंग. म्हणून त्या गाडीवाले जाणकार बरेचदा नवा रबर बुश टाकतात आणि दोन्ही बाजूंना पातळ चकत्या देतात, आडवं हलणं तेवढं कमी व्हावं म्हणून. नाहीतर मग थेट गोलाकार बेअरिंग. तेच पॉली, तीच जाहिरात, आणि एका गाडीत शहाणपणा, दुसरीत घोळ.

आपल्याकडच्या पुढच्या चाकांनी चालणाऱ्या बहुतेक छोट्या गाड्यांत एल आकाराचा लोअर आर्म असतो. त्यात पुढचा बुश कडक आणि मागचा मुद्दाम मऊ असतो, खड्ड्यात चाक किंचित मागे जावं म्हणून. तिथे मागचा बुश कडक केलात तर खड्ड्याचा हिशेब स्टिअरिंगवर आणि तुमच्या कमरेवर येतो. आपले रस्ते बघता मी तरी करणार नाही.

परत एमएक्स-५. "पॉली टाकल्यावर गाडी नवी झाली" असं लोक सांगतात, ते खोटं बोलत नाहीत. पण तुलना कशाशी? तीस वर्षांच्या फाटक्या रबराशी. नवं कंपनीचं रबर टाकून त्या दोघांत तुलना केलेले लोक फार थोडे भेटतात. रस्त्यावर चालवायच्या गाडीला माझी शिफारस नव्या रबराची आहे, वर्षातून काही वेळा ट्रॅकवर जात असाल तर ग्रीस निपलवाल्या पॉलीची. धातूचे गोलाकार जॉइंट फक्त शर्यतीच्या गाडीला. ते धुळीत झिजतात आणि प्रत्येक धक्का सरळ चॅसीत पोचवतात.

आणि बुशवर खर्च करण्याआधी टायर, डँपर आणि बॉल जॉइंट तपासा. गाडी स्टँडवर घ्या, आर्म आणि चॅसीच्या मध्ये लांब पाना किंवा छोटी पहार घालून हलकेच उचका. रबरात भेग उघडली, किंवा आतली नळी मधोमध न दिसता एका बाजूला झुकलेली दिसली, तर बुश गेला. टायरची आतली कड लवकर झिजणं, ब्रेक लावताना गाडी भरकटणं, ही लक्षणं बुशचीही असतात आणि दुसऱ्या दहा गोष्टींचीही.

कामाला हात घातलात की एमएक्स-५मध्ये खरी कसोटी आहे बोल्टची. खालच्या आर्मचे आतले बोल्ट साधे नाहीत, त्यांना अलाइनमेंटसाठी कॅम आहेत, चारही चाकांचे मिळून आठ. जिथे थंडीत रस्त्यावर मीठ टाकतात तिथल्या गाड्यांत हे बोल्ट बुशच्या आतल्या नळीत गंजून एकजीव झालेले असतात. ठोकून निघत नाहीत, करवतीने कापावे लागतात. म्हणून गाडी उचलण्याआधीच नवे बोल्ट मागवून ठेवा. सैल करण्याआधी कॅम कुठे होता त्याची खूण करा, म्हणजे अलाइनमेंटच्या दुकानापर्यंत तरी गाडी सरळ जाईल. नवा बोल्ट बसवताना गंजरोधक पेस्ट बोल्टच्या गुळगुळीत भागाला लावा, आट्यांना नको, नाहीतर टॉर्कचा आकडा फसवतो. जुना बुश काढायला हायड्रॉलिक प्रेस वापरा. काही जण रबर जाळून काढतात. तो धूर विषारी असतो, नका करू. नवं रबर आत सरकवायला साबणाचं पाणी पुरतं, ऑइल नको.

आता ती गोष्ट, जिच्यामुळे नवे रबर बुश लवकर मरतात. आर्म लटकत असताना बोल्ट शेवटचा आवळणं. समजा आर्म ३०० मिलिमीटर लांब आहे आणि गाडी जॅकवर असताना त्याचं बाहेरचं टोक ८० मिलिमीटर खाली लोंबतंय. तिथे बोल्ट आवळलात आणि गाडी जमिनीवर ठेवलीत, तर रबर उभ्या गाडीतच सुमारे १५ अंश पिळलेलं राहिलं. चोवीस तास, पार्किंगमध्येसुद्धा. वर खड्डा आला की आणखी पीळ. ते फाटणारच. शिवाय आठही आर्मचे बुश असे बसले की गाडी थोडी उंच उभी राहते आणि मालक स्प्रिंगला दोष देतो. योग्य पद्धत अशी: बोल्ट हाताने लावून ठेवायचे, चाकांवर गाडीचं वजन येऊ द्यायचं, गाडी थोडी पुढेमागे ढकलून बसू द्यायची, आणि मग मॅन्युअलमधल्या टॉर्कला आवळायचे. खड्डा किंवा रॅम्प नसेल तर हबखाली जॅक लावून त्या कोपऱ्याचं वजन स्टँडवरून जेमतेम उचललं जाईल इतकं वर घ्या. स्टँड मात्र जागचा हलवायचा नाही. गाडीखाली फक्त जॅकच्या भरवशावर कुणीही जायचं नाही, मीही जात नाही.

पॉलीला हा नियम लागू नाही, कारण तिथे पिळायला रबर नाही. पण स्प्रिंग बदलून गाडी खाली बसवली असेल आणि बुश रबरचेच असतील, तर बुश जुने असोत वा नवे, सगळे बोल्ट सैल करून नव्या उंचीला परत आवळावे लागतात. हे काम बिलात क्वचितच दिसतं. गॅरेजवाल्याला आधीच विचारून घ्या. तो "कशाला?" म्हणाला तर दुसरं गॅरेज बघा.

शेवटी अलाइनमेंट. काम झाल्या झाल्या एकदा, आणि काही शे किलोमीटर चालल्यावर बोल्टचा टॉर्क परत तपासून, गरज वाटली तर पुन्हा एकदा.

पुढच्या भागात डँपर. प्रश्न नेहमीच्या जागी पाठवा, गाडीचं मॉडेल आणि साल लिहायला विसरू नका.