गुरांना मारणारं रेशीम

कलहारीच्या वाळूत, म्हणजे बोत्सवाना, नामिबिया आणि दक्षिण आफ्रिकेच्या उत्तर भागात, बाभळीच्या जातकुळीतल्या झाडांवर राखाडी-पांढऱ्या बोंडांसारखं काही चिकटलेलं दिसतं. हे गोनोमेटा पोस्टिका या रानटी रेशीम पतंगाचे कोष.

सुरवंट केसाळ, आणि ते केस चांगलेच टोचणारे. कोष विणताना तो हेच केस बाहेरून खोचतो. वर कॅल्शियम ऑक्झलेटचा थर. उन्हातान्हात, पावसाविना कोषातला जीव महिनोन्‌महिने तग धरतो.

अशा बंदोबस्तातून बाहेर पडलेला पतंग मात्र बिचारा उपाशीच! त्याला खाण्याजोगं तोंडच नसतं. तपकिरी, जाडजूड मादी नराहून बरीच मोठी. मीलन, अंडी, की संपला खेळ. सगळं काही दिवसांत.

दुष्काळात गुरं आणि हरणं पाल्याबरोबर हे कोषही गिळतात. रेशीम पचत नाही, पोटात त्याचे गोळे होतात आणि जनावर भुकेनं मरतं. तिथल्या सान लोकांनी मात्र कोषांना वेगळंच काम दिलं: आत खडे भरून माळा ओवल्या. नाचताना त्या घोट्यांवर घुंगरांसारख्या वाजतात.

आपल्याकडे गडचिरोलीत ऐनाच्या झाडावर टसर रेशमाच्या अळ्या पोसतात. कलहारीत पाळणं नाही; पतंग उडून गेल्यावर उरलेले रिकामे कोष वेचून सूत काढतात.