गिऱ्हाईक शेरलॉक होम्स नसतं

बिस्किटाच्या वेष्टनावरचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत जातो आणि तिथल्या निकालपत्रात शेरलॉक होम्स अवतरतो. गोष्ट १९७२ सालची. एका बाजूला मुंबईची पार्ले प्रॉडक्ट्स, दुसऱ्या बाजूला म्हैसूरची एक बिस्किट कंपनी. पार्लेच्या ग्लुको बिस्किटांचं वेष्टन फिकट बदामी रंगाचं. मधोमध पाण्याचं भांडं घेतलेली मुलगी, भोवती गाई आणि कोंबड्या, मागे शेतावरचं घर नि झाडं. म्हैसूरकरांच्या पुड्यावरही मुलगी होतीच. फक्त तिच्या डोक्यावर गवताचा भारा होता आणि हातात विळा नि शिदोरी. गाई-कोंबड्या होत्या त्या होत्याच. एका पुड्यावर ‘ग्लुको’, दुसऱ्यावर ‘ग्लुकोज’.

खालच्या कोर्टांनी दोन्ही वेष्टनं शेजारी शेजारी ठेवून फरक मोजले आणि पार्लेचा दावा फेटाळला. फरक होतेच की. सर्वोच्च न्यायालयाने मात्र ही पद्धतच मोडीत काढली. गिऱ्हाईक काही दोन पुडे समोर मांडून ताडून बघत नाही. ते आज एक बघतं, कधीतरी पुढे दुसरा. डोक्यात राहतं ते ढोबळ चित्र: रंग, आकार, मुलगी, गाई. सामान्य गिऱ्हाइकाला शेरलॉक होम्सची नजर नसते, असं न्यायमूर्तींनी लिहिलं आणि पार्लेच्या बाजूने निकाल दिला.

ब्रँडिंगवरची जाडजूड पुस्तकं बाजारात ढिगाने आहेत. पण ब्रँड नेमका कुणासाठी असतो, हे त्या निकालाइतकं नेमकं सांगणारं मला क्वचित सापडलं आहे. तो धंदेवाल्याच्या हौसेसाठी नसतो. ज्याला बारकाईने बघायला वेळ नाही आणि बघितलं तरी कळेल याची खात्री नाही, अशा माणसासाठी तो असतो. म्हणजे आपल्या सगळ्यांसाठी.

वाण्याच्या दुकानात सगळा माल सुटा मिळायचा तेव्हा गिऱ्हाईक तपासूनच घेत असे. तूरडाळ तळहातावर चोळायची, पॉलिशची आहे का बघायची. गुळाच्या ढेपेचा खडा दाताखाली धरून खारट लागतो का पाहायचं. तांदूळ मुठीत घेऊन वास घ्यायचा. वाणी तोंड वाकडं करी, पण ते त्याला चालवून घ्यावं लागे. मग बंद पुडा आला. आता फोडून बघता येईना. तपासण्याचं काम गिऱ्हाइकाच्या हातून गेलं आणि ते पुड्यावरच्या नावाकडे आलं. नाव तिथे जामीन राहिलं. माल खराब निघाला तर अब्रू जामीनदाराची जाणार, एवढ्या भरवशावर माणूस न बघता पैसे टाकतो.

आणि न बघता पैसे टाकायला मिळावेत म्हणून चार पैसे जास्तही टाकतो. नावाजलेल्या धंद्याला जास्त भाव का मिळतो, याचं मला पटणारं उत्तर हेच. बिनानावाचा माल तेवढाच चांगला असू शकतो, कधी कधी सरसही असतो. पण तो दर वेळी नव्याने सिद्ध करावा लागतो. दर वेळी चव द्या, दर वेळी पटवा, दर वेळी घासाघीस करा. नावाचा माल एकदा पटला की पुढची खरेदी विनाचर्चा होते. धंद्यात मोठा खर्च असतो तो पहिल्यांदा आलेल्या माणसाला पटवण्याचा. नाव तो खर्च दुसऱ्यांदा करू देत नाही.

हे लक्षात घेतलं की नव्या धंदेवाल्यांची गडबड कुठे होते तेही दिसतं. घरगुती मसाल्याचा धंदा काढायचा ठरला की पहिले पैसे लोगोवर जातात. मग व्हिजिटिंग कार्ड, फ्लेक्स, इन्स्टाग्रामचं पान. चार महिन्यांनी पुतण्या म्हणतो, हा रंग आता जुना वाटतो, की पाकीट बदललं. आधीच्या पाकिटाने जे दोन-चारशे जण ओळखीचे झाले होते, त्यांच्या लेखी तो माल दुकानातून उठला. त्यातच पुढच्या घाण्यात धणे जरा जास्त भाजले गेले, तर संपलंच. चित्र बदललं आणि चवही बदलली, मग ओळखायचं कशावरून? लोगो सुंदर असावा याबद्दल वाद नाही. पण सुंदर असण्यापेक्षा तो तोच असणं जास्त कामाचं.

दुसरी गडबड कागदाची. ‘गुमास्ता’ काढला की नाव आपलं झालं, असा एक घट्ट समज आहे. तसं नसतं. गुमास्ता म्हणजे दुकान चालवत असल्याची नोंद. कंपनी नोंदवली तरी मालावरच्या नावाचा हक्क आपोआप मिळत नाही. त्यासाठी ट्रेडमार्कची नोंदणी वेगळी करावी लागते. वस्तू आणि सेवांचे मिळून ४५ वर्ग आहेत, बिस्किटं ३० व्या वर्गात येतात, पादत्राणं २५ व्या. एकट्या माणसाला किंवा लघुउद्योगाला ऑनलाइन अर्जाला एका वर्गासाठी सरकारी फी ४,५०० रुपये. फ्लेक्सवर यापेक्षा जास्त उडतात. पेटंट वीस वर्षांनी संपतं, पण ट्रेडमार्क दर दहा वर्षांनी नूतनीकरण करत अनंत काळ चालवता येतो. यंत्र झिजतं, जागेचं भाडं वाढतं, कारागीर सोडून जातो. जपलं तर नाव तेवढं वर्षागणिक वजनदार होत जातं.

पुण्यातल्या ‘आमची कोठेही शाखा नाही’ या पाटीवर आपण पिढ्यानपिढ्या हसत आलो. ती पाटी मुळात तक्रार आहे, एवढंच तिच्याबद्दल सांगायचं. आपलं नाव लावून दुसरं कोणीतरी विकतं आहे आणि आपल्याला त्याचं काही करता येत नाही, असं तो दुकानदार रस्त्यावर उभं राहून सांगत असतो. भावाभावांत वाटण्या झाल्या, दुकानाचा गाळा वाटला, भांडी वाटली, नावाचं काय ते ठरलंच नाही; मग एकाच गल्लीत एक ‘जुने’ आणि एक ‘मूळ’.

वाटणीचं हे दुखणं लहानांनाच होतं असंही नाही. १९२९ मध्ये मोहनलाल चौहान यांनी मुंबईच्या विलेपार्ल्यात गोळ्या-मिठाईचा कारखाना काढला आणि उपनगराचंच नाव उचललं. बिस्किटं दहा वर्षांनी आली. पुढे घराण्याच्या शाखा वेगळ्या झाल्या. बिस्किटं एकीकडे, फ्रूटीवाली पार्ले ॲग्रो दुसरीकडे, बिसलेरी तिसरीकडे. ‘पार्ले’ हे नाव कशावर कुणी लावायचं, यावरून बिस्किटवाले आणि फ्रूटीवाले कोर्टात गेलेच.

बिस्किटाकडे परत येतो, कारण तिथे नावाची दुसरी बाजूही दिसते. ‘ग्लुको’ हा शब्द मालाच्या गुणाचा. तो कुणा एकाचा होऊन राहणं अवघड. बाजारात ग्लुकोज बिस्किटांची रीघ लागली आणि गिऱ्हाईक दुकानात नुसतं ‘ग्लुकोज द्या’ म्हणायला लागलं. मग १९८० च्या दशकात ‘पार्ले-जी’ हे नाव आलं. दुसऱ्यांना वापरता येणार नाही असा शब्द पुढे, सगळ्यांचा शब्द एका अक्षरात मागे. मला ही चाल फार हुशारीची वाटते. वेष्टनावरची मुलगी तोवर बदलून गुबगुबीत गालांचं बाळ आलंच होतं. ते बाळ म्हणजे नागपूरच्या अमुक बाई, छे, सुधा मूर्ती, अशा वावड्या अजून फिरतात. कंपनीचं म्हणणं सरळ आहे: साठच्या दशकात एव्हरेस्ट या जाहिरातसंस्थेच्या मगनलाल दैया यांनी काढलेलं ते चित्र आहे. कागद जाऊन प्लास्टिक आलं, चित्र तेच राहिलं.

किंमत मात्र गळ्यात अडकली. नव्वदच्या दशकाच्या मध्यापासून जवळपास वीस वर्षं छोटा पुडा चार रुपयांचा राहिला. मैदा, साखर, तेल, डिझेल, सगळं वाढत होतं. कंपनीने भाव धरून ठेवला आणि वजन हळूहळू उतरवलं. कारण तोवर ‘चार रुपयांचा पुडा’ हाच ब्रँडचा भाग झाला होता. टपरीवर चहाबरोबर सुटे चार रुपये ठेवायचे, पुडा उचलायचा. नाव मोठं झालं की मालक त्याचा धनी राहतो तसा थोडा बांधीलही होतो, आणि भाव वाढवायची मुभा सगळ्यांना सारखी मिळत नाही. उंची अत्तरवाला जे करू शकतो ते पार्ले-जीवाला करता येत नाही. ‘ब्रँड बनवा, हवा तो भाव लावा’ असं सांगणाऱ्या शिबिरांत हा भाग गाळतात.

२०२० च्या टाळेबंदीत एप्रिल-मेमध्ये पार्ले-जीचा खप कित्येक दशकांत झाला नव्हता एवढा झाला, असं कंपनीने सांगितलं. मुंबईहून नाशिकच्या रस्त्याने गावाकडे चालत निघालेल्यांच्या पिशव्यांत हे पुडे होते, वाटेत मदत करणाऱ्यांच्या खोक्यांतही होते. तेव्हा काय खावं, काय घ्यावं, कुणाच्या हातचं घ्यावं, सगळ्याचीच धास्ती होती. अशा वेळी माणूस नवीन काही करून बघत नाही. तोपर्यंत विलेपार्ले स्टेशनजवळचा मूळ कारखाना बंद होऊन चार वर्षं झाली होती आणि लोकलच्या दारात येणारा भाजलेल्या बिस्किटांचा वासही गेला होता. नावाला त्याने काही फरक पडला नाही.

कारखान्यावाचून नाव चालतं, हे याच घराण्याने आणखी मोठ्या प्रमाणावर दाखवलं. १९७७ मध्ये कोका-कोला देश सोडून गेली आणि रमेश चौहान यांच्या पार्लेने थम्स अप आणलं. १९९३ मध्ये कोका-कोला परतली तेव्हा तिने थम्स अप, लिम्का, माझा, गोल्ड स्पॉट, सिट्रा ही नावं विकत घेतली. आकडा सहा कोटी डॉलरच्या आसपास होता, असं तेव्हापासून छापून येतं. बाटल्या भरण्याचे कारखाने बहुतेक दुसऱ्यांचे, परवान्यावर चालणारे. विकली गेली ती नावं आणि कृती. गोल्ड स्पॉट आणि सिट्रा पुढे बाजारातून गेली. थम्स अप राहिलं, कारण ते पिणारे कोकवर वळेनात. जगातल्या बलाढ्य ब्रँडच्या मालकाला स्वतःच्याच घरात हा दत्तक मुलगा वाढवावा लागला. २०२१ मध्ये थम्स अपने भारतात एक अब्ज डॉलरच्या विक्रीचा टप्पा गाठल्याचं कोका-कोलाने जाहीर केलं. हे दोन आकडे एका रांगेत मांडता येत नाहीत, एक किंमत आहे आणि एक उलाढाल. पण १९९३ मध्ये कोण स्वस्तात सुटलं, हे विचारायचा मोह आवरत नाही.

आता कुणा एका घराण्याचं नसलेलं नाव: कोल्हापूर. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या फॅशन ब्रँडच्या मॉडेलांच्या पायांत जे दिसलं ते बघून इकडे एकच कल्ला झाला. सरळसरळ कोल्हापुरी, आणि वर्णनात मात्र नुसती चामडी सँडल. ओरड झाल्यावर प्राडाने भारतीय हस्तकलेचं ऋण मान्य केलं. मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका गेली ती टिकली नाही. हक्काची मागणी नोंदणीधारकाने करायची, तुम्ही कोण, असा कोर्टाचा सवाल होता. कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन २०१९ मध्येच मिळालं आहे. त्यात महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर असे जिल्हे येतात. नोंदणीधारक आहेत दोन्ही राज्यांची चर्मोद्योग महामंडळं. डिसेंबर २०२५ मध्ये प्राडाने त्याच दोन महामंडळांशी करार केला: २,००० जोड, जोडी सुमारे ८०० युरोंना.

कोल्हापूरच्या चप्पल लाईनमध्ये हजार-दीड हजारात चांगली जोडी मिळते. चामडं तसंच कमावलेलं, वेणी तशीच घातलेली, अंगठा तसाच. वरचा सगळा पैसा एका नावाचा आहे. याचा राग येणं साहजिक आहे, पण मला दुसरीच गोष्ट टोचते. पार्ल्याचं नाव एका घराने घेतलं आणि सांभाळलं. कोल्हापूरचं नाव आठ जिल्ह्यांतल्या हजारो हातांनी कमावलं, आणि त्यातल्या एकाही हाताचं नाव गिऱ्हाइकाला माहीत नाही. कापशी चप्पल घेतली, दोन महिन्यांत शिवण उसवली, तर कुणाच्या दारात जायचं? आणि चार वर्षं टिकली, तर पुढची जोडी कुणाकडून मागायची? मानांकनाने प्रांत जामीन राहतो. मानांकन चप्पल ‘कोल्हापुरी’ आहे एवढं सांगतं, कुणाची ते सांगत नाही. रेक्झिनची नक्कल करणाऱ्याचं फावतं ते इथेच, कारण गिऱ्हाइकाच्या मनात एक आकार तेवढा आहे, आणि आकाराची नक्कल फूटपाथवरही होते.

महाराष्ट्राच्या चर्मोद्योग महामंडळाने चपलांना क्यूआर कोड द्यायला सुरुवात केली आहे. तो फोनवर वाचला की कारागिराचं नाव, गाव, वापरलेलं चामडं कळतं. ठीक आहे, पण कोडची चिठ्ठी पहिल्याच आठवड्यात निघून जाते आणि चप्पल पुढे वर्षानुवर्षं पायात राहते. त्याच्या जोडीला टाचेच्या आतल्या बाजूला चामड्यावरच कारागिराच्या नावाचा ठसा ठोकता येईल. लोखंडी ठसा एकदाच करून घ्यायचा असतो. दोन-चार कारागिरांनी मिळून एक नाव ठरवलं तर २५ व्या वर्गातला अर्जही वर्गणीत बसेल.